पोपटीतले दगड

१

मडक्याच्या तोंडात कोंबलेला पाला ओढून काढला, दोन्ही बाजूंनी फडकी धरून प्रविणनं मडकं केळीच्या पानांवर उपडं केलं, आणि आतून दगड पडले.

एखाददुसरा खडा चुकून आला असता तर समजू शकतो. हे मडकंभर दगड होते, परसातलेच, चांगले तापलेले. केळीचं पान चर्र करून काळं पडलं आणि पोरं मागं सरली.

पोपटी म्हटली की काय असावं? वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेलं चिकन, ओवा, खडेमीठ, आणि भोवती भांबुर्डीचा पाला. पाण्याचा थेंब नाही घालायचा. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या आणि वासावर जीव टांगून बसायचं. पौष-माघात पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही शिवारात संध्याकाळी धूर दिसला की समजावं, कुणाचं तरी नशीब उघडलंय. आणि इथं, त्याच्या लेकीच्या, ऋतुजाच्या सोळाव्या वाढदिवसाला, घरी पहिल्यांदाच मित्रमैत्रिणी बोलावलेले असताना, मडक्यातून निघाले काय तर दगड!

"गाइज, पेणची पहिली स्टोन पोपटी!" सुश्रुत म्हणाला. त्याचा मोबाइल दुपारपासून हातातून खाली आला नव्हता. कुणीच हसलं नाही, तसा तो मोबाइल अमोलकडं वळवून म्हणाला, "मडकं भरलं कोणी? अमोलनं. आपण सगळे आत केक कापत होतो तेव्हा इथं एकटा कोण होतं? अमोल. चिकन कुठं गेलं रे? गावाला पार्सल?"

सगळ्यांच्या माना अमोलकडं वळल्या. अमोल खाडीकडच्या गावातला, बाप मिठागरावर कामाला. पोपटी लावावी तर त्यानंच, असं वर्गात सगळे म्हणत, म्हणून तर मडकं त्याच्या हातात दिलं होतं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

"अमोल, बोल ना रे!" ऋतुजा रडकुंडीला आली.

"मी घरी जातो, काकू," एवढंच बोलून त्यानं दप्तर उचललं.

तो परसदाराशी पोचला तर दारात ऋतुजाची आई, सगुणा उभी. "कुठं चाललास? तुझी एसटी अजून आगारातच उभी हाय. मला शिकवू नको, मी कंडक्टर हाय." मग तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझ्या घरात पाहुणा आलेलं पोर चोर होऊन बाहेर पडणार नाय. चिकन सापडेपर्यंत कुणी हलायचं नाय. बस खाली."

अमोल बसला. सगुणा दारात उभी राहिली की भरलेल्या बसमधले दांडगे बाप्येसुद्धा मागं सरकतात, हे तर सोळा वर्षांचं पोर.

२

प्रविणला बायकोचं कौतुक लपवता येत नसे. रोह्याच्या कंपनीत त्याची शिफ्ट असे, आणि डबा खाताना रोज सगुणाचा एक तरी किस्सा असे, ते ऐकून ऐकून दोस्त म्हणत, "तुझ्या बायकोला एसटीत नाय, पोलिसात घ्यायला पायजे होती." पार्टीची कल्पनाही तिचीच. ऋतुजाला हॉटेल हवं होतं. सगुणा म्हणाली, "हॉटेलात काय, पैसे टाकले की कुणीपण जेवतो. पोरं आपल्या घरी येऊ देत, आपल्या परसात बसू देत. कोण कुणाचं कोण हाय ते घरातच कळतं." रजा मिळवायला तिनं दोन जणींच्या ड्युट्या अंगावर घेतल्या होत्या.

आता ऋतुजा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. "आई, तो असा गेला ना, तर परत कधी नाय यायचा. सुश्रुतनं सगळं शूट केलंय. सोमवारी शाळाभर होईल. गेल्या महिन्यात भाविका गॅदरिंगला भाषण विसरली, त्याचा व्हिडिओ त्यानं टाकला, आठवडाभर ती शाळेत नाय आली. अमोल तर शाळाच सोडेल."

"रडू नको गो. तोंड धू, आणि बाहेर जाऊन गाणी लाव." मग सगुणा नवऱ्याकडं वळली. "अहो, कांदे चिरा. भजी तळा."

"आता? भजी?"

"पोटात काय नसलं की पोरांची तोंडं वाकडी चालतात. तुम्ही तळा, मी एकेकाला बशी न्यायला आत बोलावते. कान उघडे ठेवा आणि तोंड बंद."

प्रविणनं कांदे घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कान त्यानं नीट उघडे ठेवले.

३

पहिला आला सुश्रुत. पेणमधल्या नावाजलेल्या घरातला, आईबाप दोघंही शिक्षक, बोलायला पोपट.

"काकू, मी उगाच नाही म्हणालो," तो म्हणाला. "मी कधीपासून म्हणत होतो, उघडा, झालं असेल. मडक्यावर पाणी शिंपडलं तर चर्र वाजून उडत होतं. पोपटी झाल्याची खूण तीच ना? पण हा म्हणे, अजून थोडं थांबा. अजून थोडं. आत दगड आहेत हे त्याला ठाऊक होतं, नाही तर कशाला थांबवेल?"

प्रविणला हे एकदम पटलं. सगुणानं फक्त बशी त्याच्या हातात दिली.

दुसरी हेमांगी. तिला खोटं बोलता येत नसे, तोंड लगेच लाल होई. "काकू, मला चहाडी नाही करायची. पण केक कापल्यावर मी खिडकीशी आले होते. अमोल बांधाजवळ फोनवर बोलत होता. म्हणत होता, 'निघालास का? मागच्या बाजूनं ये. कुणाला दिसू नको.'"

झाऱ्यातलं भजं कढईत परत पडलं आणि तेल प्रविणच्या हातावर उडालं. म्हणजे साथीदारपण आहे! मागच्या दारानं येऊन मडक्यातला माल घेऊन गेला असणार.

तिसरी भाविका. ही मुलगी बोलायची ती जमिनीकडं बघून. सगुणानं तिला बशी दिली नाही, जवळ पाटावर बसवली.

"तुझं काय बिनसलंय गो? संध्याकाळपासून गप्प हायस."

भाविकानं नखं कुरतडली. "मी उरलेल्या भांबुर्डीचा ऋतुजासाठी मुकुट करत होते, काकू. चांगला झाला होता. अमोल आला आणि त्यानं माझ्या हातातून हिसकावला. एक शब्द बोलला नाही. मला ओढत नळावर नेलं आणि साबणानं हात धुवायला लावले. परत एकदा लावले. मी काय अस्पृ... मी काय घाणेरडी आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाय गो बाय. त्यानं तुला घाणेरडी समजून हात नाय धुवायला लावले," सगुणा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

भाविका गेल्यावर प्रविणनं गॅस बारीक केला. "सगुणा, मला वाईट वाटतं बोलायला, पण हे त्या पोराचंच काम हाय."

"व्हय," सगुणा म्हणाली. "त्याचंच हाय. टॉर्च घ्या."

४

परसात अजून उजेडाची एक रेघ शिल्लक होती. पुढच्या अंगणात गाणी चालू होती. सगुणा मागच्या दाराशी थबकली. दाराच्या खुंटीला शेजारच्या कान्हूभाऊंची शेळी बांधलेली होती आणि सकाळपासून टाकलेला चारा चघळत होती.

"ही कधीपासून इथं?"

"मी सकाळी उठलो तेव्हापासून. मला वाटलं, कान्हूभाऊ कुठं गावाला गेले असतील."

"रोज बांधावर चरते ती शेळी आज आपल्या दारात चारा खातेय. तुम्हाला काय वाटलं नाय?"

प्रविणला काय वाटणार? शेळी बघून माणसाला काय काय वाटावं!

सगुणा टॉर्च जमिनीवर फिरवत केळीपर्यंत गेली. तिथं माती ओली आणि उकरलेली होती, आणि त्यावर धुणं धुवायचा मोठा दगड आणून ठेवला होता. गल्लीतला काळा कुत्रा दगडाभोवती हुंगत फिरत होता, पंजानं खरवडत होता, आणि त्याला काही जमत नव्हतं.

"सरकवा," सगुणा म्हणाली.

प्रविणनं जोर लावून दगड सरकवला, फावड्यानं माती ओढली. आणि वर आलं ते चिकन. मसाल्यासकट. अंडी, बटाटे, शेंगा, पाला, सगळं, जसंच्या तसं. एक तुकडाही कुणी खाल्लेला नव्हता.

"अगो, हे काय गो? चोरलं आणि पुरलं?"

"चोरलेलं माणूस खातो नाय तर विकतो. पुरतो कोण?" सगुणा खाली बसली. "बरं, पुरलं. त्याच्यावर हा एवढा धोंडा कशाला? लपवायलाच असता तर धोंड्याची गरज नव्हती, उलट नजरेत भरतो. हा धोंडा कुत्र्यासाठी हाय. कुत्र्यानं ते खाऊ नये म्हणून. ज्याला रस्त्यावरच्या कुत्र्याची काळजी हाय, तो चोर कसा?"

तिनं मातीतून भांबुर्डीचं एक पान उचललं, झटकलं आणि टॉर्चपुढं धरलं. पानाच्या मागच्या बाजूला पांढरे ठिपके होते, वाळलेल्या थेंबांसारखे. नाकाशी नेलं तर भांबुर्डीच्या उग्र वासाखाली आणखी एक वास होता.

प्रविणनं फावडं टाकलं आणि हात कोरड्या मातीवर घासले.

५

कान्हूभाऊ ओसरीवर बिडी ओढत बसले होते. सगुणानं बांधाच्या या बाजूनंच विचारलं, "भाऊ, वालावर औषध मारलं काय?"

"काल सांजच्याला मारलं. माव्याची कीड पडलीय गो सगळी. वारा होता, बांधावरपण उडालं. म्हणून तर शेळी तुझ्या दारात बांधली. तुला सांगायला आलेलो, तर तू ड्युटीवर. का, काय झालं?"

"काय नाय. देव पावला," सगुणा म्हणाली आणि माघारी फिरली.

चालता चालता प्रविणला एकदम आठवलं आणि तो जागच्या जागी थांबला. सकाळी भांबुर्डी कोणी आणली होती? सगुणा म्हणत होती, शेजारणीच्या विहिरीकडं मिळते, तिकडनं आणा. आणि ऋतुजा हातात विळा घेऊन म्हणाली होती, "मी आणते, आई. माझी पार्टी, माझा पाला." भारा डोक्यावर घेऊन ती मिरवत आली होती, आणि पुढं अमोलच्या हातातही तिनंच तो दिला होता. जवळचा बांध सोडून पोरगी विहिरीपर्यंत कशाला जाते!

"सगुणा, आपली ऋतू..."

"हळू बोला." तिनं त्याचा हात धरला. "आता जुळवा सगळं. पोरानं मडकं भरलं ओसरीच्या अंधारात. उरलेला पाला उजेडात नेला तेव्हा ठिपके दिसले. भाविकाच्या हातातनं मुकुट हिसकावला तो तिला ऋतूच्या डोक्यावर घालू द्यायचा नव्हता म्हणून. हात धुवायला लावले ते औषधापायी. मडकं रिकामं केलं, सगळं पुरलं, आणि वजन भरायला दगड घातले. एकाच गोष्टीत तो चुकला. गप्प बसला."

"पण का गो? ओरडून सांगायचं ना, पाल्यावर औषध हाय म्हणून!"

"ओरडला असता तर पहिला प्रश्न काय आला असता? पाला कोणी आणला. आणि समोर कोण उभा होता?"

प्रविणनं अंगणाकडं बघितलं. सुश्रुतचा मोबाइल दिव्याखाली चमकत होता. वाढदिवसाच्या दिवशी मित्रांना विष घालायला निघालेली मुलगी, असा व्हिडिओ. सोमवारी शाळाभर.

"एसटीत गप्प बसणारे दोन तऱ्हेचे असतात," सगुणा म्हणाली. "एक, ज्यानं तिकीट काढलेलं नाय. तो खिडकीबाहेर बघतो. दुसरा, ज्यानं गुपचूप कुणा दुसऱ्याचं तिकीट काढलंय. तो डोळ्यांत डोळे घालून बघतो आणि तरी बोलत नाय. मघाशी दप्तर उचलून निघाला ना, तेव्हा माझ्याकडं असाच बघत होता."

अमोल पायरीवर एकटाच बसला होता, भज्यांची बशी न शिवलेली. सगुणा त्याच्या शेजारी बसली.

"तुझा माणूस अडकला कुठं?" तिनं विचारलं.

अमोल दचकला. "कोण?"

"ज्याला फोन करून मागच्या बाजूनं बोलावलंस तो. त्याच्यासाठीच तर सगळ्यांना थांबवत होतास. दुसरं मडकं घेऊन येतोय ना?"

अमोलच्या चेहऱ्यावरचं सगळं अवसान गळालं. "दादा हाय माझा. आईला फोन केला होता, घरी पोपटी लाव म्हणून. गुपचूप बदलणार होतो, कुणाला कळलंच नसतं. पण तो फाटकात अडकलाय, मालगाडी उभी हाय. आणि हे लोक थांबेनात."

"मला का नाय सांगितलंस रे?"

"तुम्ही सकाळपासून राबत होता, काकू. आणि दोनदा सांगायला आलो, तर दोन्ही वेळा सुश्रुत मोबाइल घेऊन मागं." तो खाली बघू लागला. "ऋतुजा किती दिवसांपासून सांगत होती, माझ्या घरी पार्टी हाय म्हणून."

"आणि तुला चोर म्हणाले ते?"

"मला म्हणाले तर म्हणाले."

प्रविणनं भराभर दोनदा नाक ओढलं. कांद्यांचा परिणाम असेल.

६

सगुणानं गाणी बंद केली. पोरं गोळा झाली. सवयीनं सुश्रुतचा मोबाइल वर आला आणि सगुणा त्याला नको म्हणाली नाही.

"चिकन सापडलं," ती म्हणाली. "केळीखाली पुरलंय. अमोलनं पुरलंय. भांबुर्डीवर औषध उडालेलं होतं, आणि ते त्याच्या एकट्याच्या लक्षात आलं. आज तो नसता, तर आत्ता आपण सगळे दवाखान्यात असतो. त्यानं तुमचं जेवण नाय पळवलं. तुमचा जीव वाचवला."

हेमांगीनं भाविकाचा हात घट्ट धरला. भाविका आपल्या तळहातांकडं बघत राहिली, मग अमोलकडं.

"पण काकू," सुश्रुतची जीभ सवयीप्रमाणं पुढं गेली, "तो पाला आणला कोणी?"

"घर माझं, पार्टी माझी, पाला माझा," सगुणा म्हणाली. "मी आणला. काढ माझा व्हिडिओ."

प्रविणला वाटलं, झालं, वाचली पोरगी. आणि तेवढ्यात पोरगीच पुढं आली.

"नाय, आई." ऋतुजा सरळ सुश्रुतच्या मोबाइलकडं बघून बोलली. "पाला मी आणला. तू विहिरीकडनं आण म्हणालीस, मी कंटाळा केला आणि जवळच्या बांधावरचा कापला. औषधाचं मला माहीत नव्हतं, पण चूक माझी. अमोल मला वाचवायला गप्प बसला आणि आपण सगळे त्याला चोर म्हणालो. मीपण त्याच्याकडं तसंच बघितलं. सॉरी, अमोल."

सुश्रुतचा हात आपोआप खाली आला. गोरा चेहरा कानापर्यंत तापला होता. "मी... मी सगळं डिलीट करतो," तो पुटपुटला.

"नको," ऋतुजा म्हणाली. "त्यात तू अमोलला चोर म्हणालायस. चोर म्हणालास तेव्हा कॅमेरा चालू होता, तर माघारपण कॅमेऱ्यासमोरच घे. आता पुढचंपण शूट कर. त्यानं काय केलं ते तुझ्या तोंडानं सांग. आणि टाकायचाच असेल तर पूर्ण टाक, माझ्या चुकीसकट."

सगुणा लेकीकडं बघत राहिली. बसमध्ये एवढी माणसं बघितली, पण हे माणूस आपल्या घरात कधी एवढं मोठं झालं, ते तिलाही कळलं नसावं. प्रविणला मात्र अजिबात नवल वाटलं नाही. आईवरच गेली होती पोर.

सुश्रुतनं मोबाइल स्वतःकडं वळवला, घसा खाकरला, आणि पहिल्यांदाच त्याला शब्द सुचेनात. शेवटी त्यानं मोबाइल हेमांगीकडं दिला आणि अमोलसमोर जाऊन उभा राहिला. "मी बोललो ते चुकलं रे," तो म्हणाला. "भाविका, तुझापण व्हिडिओ मी काढून टाकतो. आत्ता."

"टाक," भाविका म्हणाली, आणि या वेळी ती जमिनीकडं बघत नव्हती.

मागच्या बाजूला मोटरसायकल थांबली. अमोलचा दादा गोणपाटात गुंडाळलेलं मडकं छातीशी धरून आत आला आणि एवढी माणसं आपल्याकडंच बघतायत हे पाहून गोंधळला. "तू म्हणालास, कुणाला दिसू नको!"

सगळी हसली. अमोलही हसला. प्रविणनं परत फडकी घेतली, परत केळीची पानं मांडली, मडक्यातला पाला ओढला, आणि ओव्याचा, भाजल्या शेंगांचा वास अंगणभर झाला. पहिलं ताट सगुणानं भरलं. ऋतुजानं हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला.

"बर्थडेवालीचा नंबर दुसरा," ती म्हणाली आणि ताट अमोलपुढं ठेवलं.

अमोलनं अंड्याचं गरम टरफल सोलता सोलता बोटांवर फुंकर मारली. मग जरा धीर करून वर बघितलं.

"काकू, पुढच्या वर्षी पाला मी आणणार. आमच्याकडनं. तुमच्या बांधावरचा नको."

ऋतुजा आईकडं बघून हसली, आणि सगुणा त्याच्या ताटात आणखी शेंगा वाढत म्हणाली, "आण बाबा. आणि आईलापण घेऊन ये."